लाकडी चॉपिंग बोर्डची निगा: धुणे, वाळवणे आणि तेल देणे

विळी बाजूला ठेवून सुरी आणि लाकडी बोर्ड वापरणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत, परंतु बोर्ड विकत घेताना त्याची निगा कशी राखावी हे दुकानदार क्वचितच सांगतो. पोळपाटाचा अनुभव येथे फारसा कामी येत नाही, कारण पोळपाटाचा पाण्याशी संबंध थोडाच येतो. चिकटलेले पीठ खरवडून ओल्या फडक्याने पुसले की त्याचे भागते. चॉपिंग बोर्डवर मात्र टोमॅटोचा रस, मासळीचे पाणी, कांद्याचा वास आणि ओल्या हळदीचा डाग रोज येऊन पडतो, आणि तो दिवसातून दोन-तीनदा धुवावाच लागतो.

म्हणून आधी लाकडाचा स्वभाव समजून घ्यावा. लाकूड ओलावा शोषून फुगते आणि ओलावा गेला की आकसते. हा फरक लाकडाच्या तंतूंच्या रेषांच्या लांबीत जवळजवळ पडत नाही, पण रुंदीत चांगलाच पडतो. दोन्ही बाजू सारख्या भिजल्या आणि सारख्या वाळल्या, तर फळी थोडी फुगून पुन्हा पूर्ववत होते. एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहिली, तर ओली बाजू रुंदावते आणि फळी वाकते. असे वारंवार झाले की चिकटवलेले जोड सुटू लागतात किंवा टोकाकडून तडा जातो. बोर्ड वाकणे, तडकणे, त्याला बुरशी येणे या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हा एकाच बाजूला साचून राहिलेला ओलावा असतो, आणि पुढील सर्व कृती तो टाळण्यासाठी आहेत.

आपला बोर्ड कोणत्या प्रकारचा आहे

बोर्डच्या कडेकडे नीट पाहावे. काही बोर्ड एकाच फळीतून कापलेले असतात, काही अरुंद पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवून केलेले असतात, तर काहींच्या वरच्या बाजूला छोटे चौकोनी ठोकळे दिसतात आणि प्रत्येक ठोकळ्यात झाडाच्या वलयांचे तुकडे दिसतात. या तिसऱ्या प्रकारात लाकडाचे तंतू उभे असतात. सुरीचे पाते तंतूंच्या मधून आत शिरते, त्यामुळे धार जास्त टिकते आणि चरे कमी दिसतात. मात्र उभे तंतू पाणी आणि तेल दोन्ही भराभर ओढतात, म्हणून अशा बोर्डला तेल अधिक लागते आणि तो ओला ठेवण्याचा धोकाही अधिक असतो.

आपल्याकडे साग, बाभूळ, आंबा, शिसव आणि रबरवुड या लाकडांचे बोर्ड सहज मिळतात. सागात मुळातच तेलाचा अंश असल्याने तो पाण्याला चांगला टिकतो. त्यात सिलिकाही (वाळूतला कठीण पदार्थ) असल्याने सुरीची धार मात्र तुलनेने लवकर बोथट होते. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण ओलसर जागी त्यावर डाग आणि बुरशी लवकर येते. बांबू हे लाकूड नसून गवत आहे. त्याचे बोर्ड चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचे असतात, त्यामुळे निगा तीच असली तरी त्यांना पाण्यात भिजत ठेवणे अधिक महागात पडते.

एक गोष्ट आधीच तपासावी. बोर्ड काचेसारखा चकाकत असेल आणि त्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब कितीही वेळ तसाच राहत असेल, तर त्यावर व्हार्निश किंवा लॅकरचा थर आहे असे समजावे. असा थर सुरीने कापला जाऊन त्याचे पापुद्रे अन्नात येतात, आणि तो शाबूत असेपर्यंत तेल लाकडात शिरत नाही. हा बोर्ड फळे किंवा फराळ मांडण्यासाठी वापरावा, किंवा पॉलिश पेपरने थर पूर्ण काढून मगच चिरण्यासाठी घ्यावा.

कोणते तेल द्यावे

तेलाबाबत घरोघरी सर्वांत जास्त गोंधळ असतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी किंवा तीळ यांचे तेल बोर्डला लावू नये. ही तेले लाकडात वाळून घट्ट होत नाहीत. हवेशी संयोग होऊन काही आठवड्यांत ती चिकट होतात, त्यांना खवट वास येतो आणि तो वास चिरलेल्या काकडीलाही लागतो. खोबरेल तेलातील बहुतांश मेद संपृक्त असल्यामुळे ते खवट व्हायला अधिक वेळ लागतो, आणि कोकणात लाकडी भांड्यांना ते लावले जाते. तरीही घाण्याच्या खोबरेलाचा वास बोर्डला राहतो आणि थंडीत ते सुमारे २४ अंशांखाली गोठत असल्याने लाकडात नीट मुरत नाही. दुसरे काहीच मिळाले नाही तर शुद्धीकरण केलेले खोबरेल तेल पातळसर लावावे, एवढेच.

सर्वांत सोयीचे तेल औषधांच्या दुकानात मिळते. बाटलीवर ‘लिक्विड पॅराफिन आय. पी.’ असे लिहिलेले, रंग आणि वास नसलेले तेल मागावे. हे खनिज तेल खवट होत नाही आणि पोटात घेण्याच्या औषधाच्या दर्जाचे असते. दुकानदार कधीकधी त्याच नावाने बद्धकोष्ठतेचे पांढरे किंवा गुलाबी दाट औषध पुढे करतो; त्यात मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि स्वाद मिसळलेला असतो, ते घेऊ नये. बाळाच्या मालिशसाठी मिळणाऱ्या तेलातही बहुधा हेच पॅराफिन असते, पण त्यात सुगंध घातलेला असल्याने तेही टाळावे.

ज्यांना खनिज तेल नको असेल त्यांच्यासाठी जवसाचे तेल हा जुना आणि चांगला पर्याय आहे, कारण ते हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडातच बसते. मात्र खाण्याचेच जवस तेल घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंची संयुगे घातलेली असतात, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या वस्तूला लावू नये. जवस तेलाचा प्रत्येक हात अगदी पातळ द्यावा आणि तो वाळायला कित्येक दिवस लागतात हे धरून चालावे. तेल पुसलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. घट्ट होताना हे तेल उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. ते बाहेर मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावे.

नव्या बोर्डची तयारी

नवा बोर्ड साध्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाच्या दोन थेंबांनी धुऊन, पुसून, उभा करून पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. ओलसर लाकडात तेल शिरत नाही, उलट आतला ओलावा आतच कोंडून राहतो. वाळल्यावर वरच्या बाजूला एक मोठा चमचाभर तेल ओतून सुती फडक्याने रेषांच्या दिशेने पसरावे, मग बोर्ड उलटा करून खालच्या बाजूलाही तेवढेच द्यावे. चारही कडा विसरू नयेत. रेषा जिथे संपतात त्या दोन टोकांना तर दुप्पट तेल द्यावे, कारण पाणी सर्वांत जास्त तिथूनच आत जाते आणि तडाही तिथूनच सुरू होतो. केवळ वरची बाजू तेलवून खालची कोरडी ठेवणे ही सर्वांत प्रचलित चूक होय. त्याने दोन बाजूंचा ओलावा कायमचा असमान होतो.

तेल लावलेला बोर्ड रात्रभर उभा ठेवावा आणि सकाळी वर राहिलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. सुरुवातीला हे लागोपाठ तीन-चार रात्री करावे. टोके तेल पिणे थांबवतात आणि ते वरच राहू लागते, तेव्हा बोर्ड तयार झाला असे समजावे.

पुढे तेल केव्हा द्यायचे याचे उत्तर कॅलेंडरपेक्षा बोर्डच अधिक चांगले देतो. कोरड्या बोर्डवर पाण्याचे चार थेंब टाकून पाच मिनिटे पाहावे. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर तेल पुरेसे आहे. ते पसरून खाली गडद डाग पडला तर त्याच रात्री तेल द्यावे. रोजच्या वापरात साधारण महिन्यातून एकदा ही वेळ येते, आणि विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ती लवकर येते. थंड देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना हिवाळ्यात हाच अनुभव येतो, कारण हीटरमुळे घरातली हवा अतिशय कोरडी होते आणि तेल न दिलेले बोर्ड तडकतात.

तेलावर मेणाचा हात दिला तर पाणी आणखी उशिरा आत शिरते. मधमाश्यांचे एक भाग मेण आणि चार भाग लिक्विड पॅराफिन, दोन्ही वजनाने, एका भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्यात ठेवावे. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे थेट आचेवर ठेवण्याची गरज नसते आणि ते धोक्याचेही आहे. थंड झाल्यावर हे मिश्रण मलमासारखे होते. तेल मुरलेल्या बोर्डवर ते बोटाने चोळावे, अर्धा तास ठेवावे आणि कोरड्या फडक्याने घासून चकाकी आणावी.

रोजचे धुणे

काम संपताच बोर्ड धुवावा. जेवणे उरकेपर्यंत तो सिंकमध्ये भांड्यांखाली पडून राहू देऊ नये. प्रथम स्टीलच्या उलथण्याने किंवा सुरीच्या पाठीने चिकटलेले सर्व खरवडून काढावे, यानेच अर्धे काम होते. नंतर द्रवसाबण आणि मऊ स्क्रबर किंवा नारळाच्या काथ्याने रेषांच्या दिशेने घासावे. तारेची घासणी वापरू नये. तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि बाभूळ, साग अशा टॅनिन (एक तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडाचा ओलसर स्पर्श काळा डाग पाडतो. लोखंडी पात्याची ओली सुरी बोर्डवर ठेवून गेलात, तर परत येईपर्यंत पात्याच्या आकाराची निळसर-काळी रेघ उमटलेली असते, ती याच कारणाने.

वरची बाजू धुतली की खालची बाजूही पाण्याखाली धरावी, ती स्वच्छ दिसत असली तरी. त्यानंतर दोन्ही बाजू आणि कडा कोरड्या फडक्याने पुसून बोर्ड अरुंद कडेवर उभा करावा, म्हणजे दोन्हीकडून हवा लागते. ओल्या ओट्यावर आडवा ठेवलेला बोर्ड वरून कोरडा आणि खालून ओला राहतो, आणि वाकण्याची सुरुवात तिथेच होते. बोर्ड डिशवॉशरमध्ये घालू नये, बादलीत भिजवू नये, गॅसच्या शेगडीला टेकवून वाळवू नये.

मासे, मटण, कोंबडी किंवा अंडे यांचा संबंध आला असेल तर पहिले पाणी थंड घ्यावे. गरम पाण्याने त्यातील प्रथिने गोठून लाकडाला चिकटतात. थंड पाण्याने ती आधी निघून जातात, मग गरम साबणाचे पाणी वापरावे. शक्य असेल तर मांसाहाराचा बोर्ड वेगळाच असावा, आणि कांदा-लसणासाठी व फळांसाठी निरनिराळ्या बाजू ठरवून घ्याव्यात. एका कोपऱ्यावर गरम खिळ्याने खूण केली की घरातल्या सर्वांना कोणती बाजू कशाची हे कळते.

लाकूड मुळातच अस्वच्छ असते आणि प्लास्टिक सुरक्षित असते, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर केलेले प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडावर सोडलेले रोगजंतू आत ओढले जातात आणि पृष्ठभागावर मिळणारी त्यांची संख्या लवकर घटते, तर सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने धुऊन स्वच्छ करणे कठीण जाते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ लाकूड न धुता चालते असा नव्हे. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या लाकडाला घाबरण्याचे कारण नाही, इतकाच.

कच्चे मांस कापल्यानंतर निर्जंतुकीकरण करायचे असेल तर आधी साबणाने धुतलेल्या बोर्डवर, एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा सुगंधविरहित ब्लीच मिसळून ते पाणी ओतावे, काही मिनिटे राहू द्यावे, स्वच्छ धुवावे आणि वाळवावे. न धुतलेल्या बोर्डवर ब्लीच वाया जाते, कारण ते आधी मांसाच्या अंशांशीच संयोग पावते. ब्लीचबरोबर लिंबू किंवा व्हिनेगर कधीही वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

डाग, वास आणि चीक

लिंबू आणि मीठ हा उपाय सर्वांना माहीत असतो आणि त्याची कीर्ती थोडी वाजवीपेक्षा जास्त आहे. त्याने बोर्ड निर्जंतुक होत नाही. मात्र मासळीचा आणि कांदा-लसणाचा वास जायला तो उत्तम आहे: बोर्डवर जाडे मीठ पसरावे, अर्ध्या लिंबाची कापलेली बाजू खाली धरून गोल गोल घासावे, पाच-दहा मिनिटांनी उलथण्याने तो राखाडी लगदा ओढून काढावा आणि लगेच धुवावे. लोखंडाने पडलेली काळी रेघही लिंबाच्या रसाने फिकट होते, कारण आम्ल त्या काळ्या संयुगाला सोडवते.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, याने नवख्यांना धक्का बसतो. हळदीतील कर्क्युमिन अल्कलीत लाल आणि आम्लात पिवळे दिसते, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नसल्याने घासघासूनही तो पूर्ण निघत नाही, पण उन्हात फिका पडतो. धुऊन पुसलेला बोर्ड सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवावा, मध्येच बाजू बदलावी, आणि दोन-तीन दिवस असे करावे. दुपारच्या कडक उन्हात मात्र तो ठेवू नये; एक बाजू झपाट्याने वाळते आणि तडा जातो. खाण्याचा सोडा चोळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु साग आणि बाभळीवर सोड्याने लाकूडच काळपट होते.

कच्चा फणस, कच्ची केळी आणि केळफूल यांचा चीक पाण्याने निघत नाही, पसरतो. ही भाजी चिरण्यापूर्वी हाताला, सुरीला आणि बोर्डला तेलाचा हात लावण्याची रीत आपल्या घरांत आहेच, आणि ती बोर्डच्या दृष्टीनेही योग्य आहे. चीक लागलाच तर आधी तेलाच्या बोळ्याने सोडवून घ्यावा आणि मगच साबण लावावा. येथे खाण्याचे तेल चालते, कारण ते लगेच धुतले जाणार असते.

पावसाळा

मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर असते, आणि पुसलेला बोर्डही रात्रभरात वाळेलच असे नाही. या दिवसांत धुतलेला बोर्ड एखादा तास पंख्याखाली उभा करावा. तो बंद ट्रॉलीत किंवा भिंतीला सपाट टेकवून ठेवू नये. वटपौर्णिमेच्या सुमारास एकदा सर्व बाजूंनी तेल-मेणाचा भरपूर हात दिला तर निम्मी चिंता मिटते.

तरीही काळे किंवा हिरवट ठिपके दिसले तर बोर्ड घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी, त्या वेळी नाक-तोंड झाकावे. नंतर औषधांच्या दुकानात मिळणारे सुमारे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून ठिपक्यांवर लावावे, दहा मिनिटांनी धुवावे, पूर्ण वाळवावे आणि त्या जागेवर पॉलिश पेपर फिरवून पुन्हा तेल द्यावे.

चरे, वाकलेली फळी आणि तडे

सुरीचे चरे नखाला अडकू लागले की बोर्ड घासण्याची वेळ झाली. हार्डवेअरच्या दुकानातून १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर आणावेत; चरे खोल असतील तर आधी ८० नंबरचा घ्यावा. पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेने घासावे, म्हणजे मध्ये खळगा पडत नाही. उभ्या तंतूंच्या बोर्डला दिशा नसते, पण श्रम पुष्कळ लागतात. २२० नंबरने घासून झाल्यावर बोर्ड ओल्या फडक्याने पुसून वाळवावा. लाकडाची रोवे (बारीक तंतू) उभी राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. त्याच पेपरने ती हलक्या हाताने उतरवावीत. ही जास्तीची फेरी टाळली, तर पहिल्याच धुण्यात बोर्ड पुन्हा खरखरीत होतो. शेवटी भुसा पुसून नव्या बोर्डप्रमाणेच तेल द्यावे.

नुकताच वाकलेला बोर्ड बहुधा सरळ होतो. जी बाजू खोलगट झाली आहे ती कोरडी पडलेली असते, म्हणून तीच ओलवायची. ओट्यावर ओलसर, पिळलेले फडके पसरून त्यावर खोलगट बाजू खाली करून बोर्ड ठेवावा, वर पाण्याने भरलेली कळशी किंवा पाटा ठेवावा आणि काही तासांनी पाहावे. सपाट झाला की फडके लगेच काढून घ्यावे, उभा करून वाळवावा आणि पूर्ण वाळल्यावर सर्व बाजूंना तेल द्यावे.

टोकाशी पडलेला केसाएवढा तडा तेलाने काबूत राहतो. नखाचे टोक आत जाईल इतका तडा रुंद झाला, किंवा तो खालच्या बाजूपर्यंत पोहोचला, तर त्यात अन्नाचे कण साचतात आणि ते ब्रशनेही निघत नाहीत. तो गोंद-भुशाने बुजवून पुन्हा चिरण्यासाठी वापरू नये. बोर्ड जाड असेल तर सुतार तड्याच्या रेषेवर तो कापून, उरलेल्या भागांवर रंधा मारून दोन लहान बोर्ड करून देऊ शकतो. रंधलेल्या नव्या पृष्ठभागात जुने तेल राहिलेले नसते, म्हणून त्यांना पुन्हा तीन-चार रात्री तेल द्यावे लागते. बोर्ड पातळ असेल, किंवा बुरशीचा काळा रंग घासूनही खाली दिसतच असेल, तर तो स्वयंपाकघरातून काढून कुंडीखाली ठेवावा.